उचगावचे सत्त्याण्णव पुरुष

सोमवार, ३ नोव्हेंबर २०२५

सरांची सत्तरी! १३ डिसेंबरला सत्कार, फेटा, शाल, गौरवांक — आणि गौरवांकातला मुख्य लेख मी लिहायचा. विषय सरांनीच दिला: 'प्रोस्टेट कर्करोग संशोधनाची चार दशके'. मीच का, असं विचारलं. "तुझं मराठी निपाणीचं आहे गं, शुद्ध असतं." निपाणीचं मराठी शुद्ध असतं ही बातमी निपाणीत अजून पोचलेली नाही.

डॉ. नागेंद्र देसूरकर. बेळगावातले जुने मूत्ररोगतज्ज्ञ, आमच्या संशोधन केंद्राचे संचालक. जगात त्यांना रताळ्यांमुळे ओळखतात. जग म्हणजे तीन परिषदा. गेल्या वर्षी आमचा निबंध छापून आला: बेळगावजवळच्या उचगावातल्या पन्नाशीपुढच्या पुरुषांमध्ये कर्करोगाचा इशारा देणारं प्रथिन आश्चर्यकारक कमी आहे, कारण हे लोक लहानपणापासून रताळी खातात. निबंधावर दुसरं नाव माझं. आकडेमोड माझी, रताळी त्यांची.

मुखपृष्ठ दाखवलं. पुढे सर, मागे डोंगर, डोंगरामागून उगवणारं काहीतरी.

"हे रताळं आहे का, सर?"

"प्रतीकात्मक आहे."

बुधवार, ५ नोव्हेंबर

आईचा फोन. चिकोडीचं स्थळ. "मुलगी काय करते म्हणून विचारलं त्यांनी. मी सांगितलं, कॅन्सरमध्ये असते." अवयव सांगितला नाही. तीन वर्षं झाली, आमच्या घरात तो शब्द अजून कुणी उच्चारलेला नाही. आप्पा 'ते तुझं काम' म्हणतात.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

"सामान्य माणसाला कळेल असं लिही," सर म्हणाले. लिहिलं:

'पुरुषाच्या मूत्राशयाखाली अक्रोडाएवढी एक ग्रंथी असते, ती प्रोस्टेट. ती पीएसए नावाचं प्रथिन तयार करते. त्यातलं थोडं रक्तात उतरतं. रक्तातला आकडा चारच्या वर गेला की डॉक्टर सावध होतात आणि पुढच्या तपासण्या करतात. ही ग्रंथी फक्त पुरुषांना असते.'

शेवटचं वाक्य सरांनी लाल पेनानं खोडलं. "हे कुणाला माहीत नाही?"

शनिवार, ८ नोव्हेंबर

लेखासाठी सरांची जुनी कागदपत्रं काढली. कपाटाच्या तळाशी एक लांबट नोंदवही, १९९१ सालची, पुठ्ठ्याला गोंद लावून तीनदा दुरुस्त केलेली. तेव्हा सर स्कूटरवरून गावोगाव जायचे, आणि घरात बसून म्हाताऱ्यांना लघवीचा त्रास विचारायचे. अक्षर बारीक, कुठेही खाडाखोड नाही.

'देसूर. वय ६४. विचारलं तर म्हणतो त्रास काही नाही. बायको दारामागून म्हणाली, रात्रीत सात वेळा उठतात.' — अशी दोनशेदहा घरं. पुरुषाचं उत्तर एका रकान्यात, बायकोचं दुसऱ्या. दोन्ही उत्तरं जुळली फक्त एकोणतीस घरांत. समासात लिहिलंय: 'पुरुषांना विचारू नये. बायकांना विचारावे.'

हे कधी छापलं गेलं नाही. का, ते विचारलं. "त्यात काय सायन्स होतं?" म्हणाले.

हा माणूस मला आवडला असता. रताळ्यांपूर्वीचा.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

गौरवांकासाठी सरांना रंगीत आलेख हवा होता. "सरासरीचे खांब नकोत, लोक पेंगतात. प्रत्येक माणसाचा एक ठिपका काढ." काढला.

तीन गावं, तीन शिबिरं, सगळी मार्च २०२२ मधली. मी तेव्हा इथे नव्हते. सांबऱ्याचे ठिपके ढगासारखे पसरलेले, पिरनवाडीचेही. उचगावचा मात्र एक ढग, आणि त्याच्या खाली, अगदी तळाशी, पट्टी ठेवून ओढल्यासारखी एक रेघ. जवळ जाऊन मोजली. सत्त्याण्णव ठिपके. सगळे ०.०१. आमच्या यंत्राला त्याहून खालचं मोजता येत नाही.

पन्नाशीच्या पुढच्या पुरुषाचा आकडा एवढा खाली जाण्याचं एक कारण मला माहीत आहे: ग्रंथी शस्त्रक्रियेनं पूर्ण काढलेली असणे. उचगावात सत्त्याण्णव जणांची काढली असती तर सरांनी गौरवांकात घातलं असतं.

दुसरं कारणही माहीत आहे. ते लिहायच्या आधी चहा करून प्यायले.

ते बाईचं रक्त असणे.

तीन वर्षांत हे कुणाला का दिसलं नाही? यंत्र लाल खूण फक्त जास्त आकड्याला करतं. कमी आकडा म्हणजे उत्तम! आणि सरासरी काढताना तो सत्त्याण्णवांचा गठ्ठा गणितात अडत होता, म्हणून २०२३ मध्ये एका मुलीनं त्या सगळ्यांच्या जागी ०.००५ घातलं. एका ओळीची आज्ञा. अगदी मान्यताप्राप्त पद्धत आहे. ती मुलगी मी.

फॉर्म काढून बघितला. नाव, वय, गाव. त्याखाली 'लिंग: पुरुष'. हे आधीच छापलेलं आहे. प्रोस्टेटचा अभ्यास, मग विचारायचं कशाला!

बुधवार, १२ नोव्हेंबर

आकड्यावरून बाई म्हणणं हा तर्क झाला. खात्री हवी. उणे ऐंशीच्या फ्रीजमध्ये नमुन्यांचा राखीव भाग आहे. नैतिकता समितीनं फेरतपासणीला परवानगी तेव्हाच दिलेली आहे, कागद बघून घेतला. आमच्याकडे वृषणाच्या कर्करोगासाठी एक तपासणी असते. तोच घटक गरोदर बाईच्या रक्तातही वाढतो. पन्नाशीच्या बायकांत त्यातून काही निघणार नाही हे मला कळतं. दुसऱ्या संप्रेरकांची तपासणी मागवली आहे, ती येईपर्यंत हात रिकामे बसत नाहीत. सत्त्याण्णव नमुने लावले.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

क्रमांक २१४. वय ६८. लिंग पुरुष. चौथा महिना.

रविवार, १६ नोव्हेंबर

उचगावला गेले. सिद्रामला बरोबर घेतलं. तो आमचा तंत्रज्ञ. त्या शिबिरात सगळं रक्त त्यानंच काढलं होतं. बसमध्ये त्याला आलेख दाखवला. तो कानडी, मराठी बोलतो पण मोजकं.

"बायका होत्या का रे रांगेत?"

"हौद्री मॅडम, व्हय. लई होत्या."

"मग बोलला नाहीस?"

"तीनशे नमुने, बारा वाजायच्या आत, बर्फ वितळायच्या आधी, असं सरांनी सांगितलेलं. मी शीर बघतो मॅडम. तोंड बघत न्हाय."

जयाबाईंच्या अंगणात आठ-दहा बायका जमल्या. मी फार काळजीपूर्वक, कुणाचं नाव न घेता, विचारायला सुरुवात केली. गरज नव्हती.

"व्हय की! आमीच गेलतो," जयाबाई म्हणाल्या. "दवाखान्याच्या आशा बाईनं घरोघर कार्ड वाटलंती, नवऱ्याच्या नावाची. शिबिर बुधवारी. बुधवारी कोण गडी घरात असतंय? निम्मे उद्यमबागेत कारखान्याला, निम्मे रानात. म्हटलं कार्ड वाया कशाला घालवायचं."

"पण रक्त त्यांचं हवं होतं."

"रेशनला घरातलं कुणाचं बी अंगठं चालतंय. मग रगत का चालंना?"

हे मी वहीत जसंच्या तसं उतरवून घेतलं. 

"आणि कार्ड दाखवल्यावर स्टीलचा डबा हुता," मागून कुणीतरी म्हणालं. सगळ्या हसल्या. मी क्रमांक २१४ वाचून विचारलं; ते जयाबाईंचे यजमान निघाले. त्यांचं कार्ड घेऊन सून गेली होती, राणी. "पोटुशी हुती. ऱ्हा म्हटलं तर ऱ्हाईना. डबा घेऊनच आली बगा!" राणी पदर तोंडाला लावून आत पळाली. तिची सव्वातीन वर्षांची मुलगी उंबऱ्यात बसून माझ्याकडे बघत होती. आमच्या संशोधनात ही मुलगी अडुसष्ट वर्षांच्या पुरुषाच्या पोटी नोंदली गेली आहे.

सांबरा आणि पिरनवाडीची शिबिरं रविवारी झाली. पुरुष घरी होते. एवढंच. बुधवार आणि रविवार यांतला फरक आम्ही रताळ्यांच्या नावावर छापला.

निघताना एक बाई गल्लीच्या टोकापर्यंत आल्या. मालुबाई. पंचावन्नच्या आसपास, सरळ चालणाऱ्या. "आमच्या घरात जरा या मॅडम. ह्येंनी बलीवलंय."

'हे' म्हणजे रवळूअण्णा. क्रमांक १०८, आता वय साठ, फाउंड्रीत साचे भरायचे. कट्ट्यावर बसले होते, एक हात मागे कमरेवर.

"कंबर धरलीया, दोन महिनं झालं. पर त्ये न्हाय हां मॅडम. त्येचा कागद हाय माज्याकडं."

आतून आणून दाखवला. आमचं पत्र. 'आपली पीएसए तपासणी नॉर्मल आहे.' इंग्रजी आणि कन्नडमध्ये. दोन्ही त्यांना वाचता येत नाही. लॅमिनेट करून ठेवलंय!

"डाक्टर म्हणला तपासून घ्या. म्हटलं, तपासलंय की. कागद दाखीवला. मग त्येनं मलम दिलं."

"रगत मी दिलतो," मालुबाई म्हणाल्या, थोड्या अभिमानानं. "ह्येंची कारखान्याला पयली पाळी हुती. आणि सुई बघून घेरी येती ह्यास्नी."

"येत न्हाय काय. मी बघत न्हाय, एवढंच."

मी रवळूअण्णांना सांगितलं, रक्त पुन्हा द्यायला लागेल. स्वतःचं. "कागद असताना?" म्हणाले.

परतीच्या बसमध्ये सिद्राम खिडकीबाहेर बघत होता. सुळग्याच्या थांब्यावर म्हणाला, "मॅडम, तोंड बघायला पायजे होतं."

सोमवार, १७ नोव्हेंबर

सरांना आलेख दाखवला, मग २१४ चा कागद. सरांनी चष्मा वर करून तो पुन्हा वाचला. मग हसले. खरंच हसले, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "अडुसष्ट वर्षांचा! आणि चौथा महिना!" मला वाटलं, चला, माणूस सुटला.

रुमालानं डोळे पुसले आणि म्हणाले, "सत्त्याण्णव काढून टाक आणि परत चालव."

"ते करते. पण सर, त्या सत्त्याण्णव पुरुषांची तपासणी झालेलीच नाही. आणि आपण त्यांना लेखी दिलंय की तुम्ही नॉर्मल आहात."

"सत्कारानंतर बघू."

"सव्वीस दिवस आहेत."

"प्रोस्टेटचा कर्करोग हळू वाढतो, रचना. हे मी तुला शिकवलंय."

"साडेतीन वर्षं वाढलाय, सर. आणि सव्वीस दिवस कशाला द्यायचे?"

"मंत्री येणार आहेत गं," असं म्हणाले. रागानं नाही. अगदी केविलवाण्या आवाजात.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

सत्त्याण्णव काढून गणित केलं. उचगाव, सांबरा, पिरनवाडी आणि तुलनेला घेतलेली पुण्याची जुनी आकडेवारी — काही फरक नाही. रताळ्याची निर्दोष मुक्तता.

गुरुवार, २० नोव्हेंबर

नैतिकता समितीला मी माझ्या सहीनं पत्र दिलं. सगळ्यांना परत बोलवा, निबंध मागे घ्या. प्रत सरांना. अर्ध्या तासात बोलावणं आलं. नोकरी गेली, असं समजूनच वर गेले. टेबलावरची माझी रोपं कुणाला द्यायची तेही ठरवलं होतं.

तर सरांनी फेरतपासणीच्या पत्राचा मजकूर स्वतःच तयार करून ठेवला होता! रविवार ३० तारीख, मोफत तपासणी, गाडी केंद्राची. मी वाचलं. तिसऱ्या ओळीत: 'ग्रामीण महिलांच्या अज्ञानामुळे नमुन्यांत गफलत झाल्याने...'

"हे काढा, सर."

"खोटं आहे का?"

"लिंग पुरुष असं आपण छापलं. बुधवार आपण निवडला. आकडा बाईचा आहे हे आपल्याला कळलं नाही. अज्ञान त्यांचं कसं?"

"मग काय लिहू? डॉक्टर देसूरकरांच्या अज्ञानामुळे?"

"हो. आणि माझ्या."

बराच वेळ पेनाचं टोपण काढत-लावत बसले. मी १९९१ च्या नोंदवहीचं नाव काढलं, समासातलं वाक्य सांगितलं. आठवत नाही म्हणाले. मग म्हणाले, आठवतं.

ओळ काढली नाही. पत्रं आजच्या टपालानं गेली. माझी रोपं टेबलावरच आहेत.

रविवार, ३० नोव्हेंबर

फेरतपासणी, उचगाव, शाळेच्या व्हरांड्यात. सत्त्याण्णवांपैकी दोघे वारले आहेत. एक हृदयविकारानं, दुसऱ्याचं कारण घरच्यांना नीट माहीत नाही, 'कंबरच गेली हुती' म्हणाले. मी लिहून घेतलं. चौघे आलेच नाहीत. एक्क्याण्णव आले.

सिद्राम प्रत्येकाचं तोंड बघत होता, मग आधार कार्डावरचं तोंड, मग परत माणसाचं, मग शीर. एकाची मिशी जुळेना तर पाच मिनिटं थांबवलं.

"आरं, बायकूला पाठवतो की," रांगेतून एक आप्पा ओरडले. "ती सरावाची हाय!"

हसले सगळे. बायका भिंतीकडेला उभ्या होत्या. त्या दिवशीसारख्या हसल्या नाहीत. पत्रातली तिसरी ओळ तरुण पोरांनी घरोघर वाचून दाखवली आहे.

रवळूअण्णांनी डोळे मिटून हात पुढे केला. दुसरा हात मालुबाईंनी धरला होता. बाटली भरल्यावर विचारलं, "झालं?" झालं म्हटलं. "उगंच एवढं भ्यालो बग," हे मालुबाईंना.

बुधवार, ३ डिसेंबर

एक्क्याण्णव आकडे. चौऱ्याऐंशी ठीक. सहा जण चार आणि पंधराच्या मध्ये, त्यांना पुढच्या तपासण्या.

क्रमांक १०८: २१२. तीनदा लावला. २१२, २०९, २१३.

शनिवार, ६ डिसेंबर

रवळूअण्णांचं स्कॅन झालं. मणक्यात तीन जागी, डाव्या खुब्यात एक. कंबर! इंजेक्शनं सुरू करणार. आवरता येतं, काही वर्षं चांगली जाऊ शकतात. काढून टाकण्याची वेळ गेली. मार्च २०२२ मध्ये ती होती का? बहुधा. बहुधा म्हणजे किती ते मी काढू शकते. काढलं नाही.

मुलगा युवराज बेळगावात पतसंस्थेत आहे. शर्ट खोचलेला, हातात आमचं पत्र. माझ्याशी अदबीनं बोलला. आईशी, कॉरिडॉरमध्ये, मी दाराआड असताना:

"डब्यासाठी गेलीस तू. डब्यासाठी आप्पाला घालवलंस."

मालुबाई स्ट्रेचरवरची चादर सारखी करत राहिल्या. रवळूअण्णा स्ट्रेचरवर, छताकडे बघत.  कार्ड कुणी हातात दिलं, जा म्हणून कुणी सांगितलं, हे तिथे एकाच माणसाला सांगता आलं असतं.

संध्याकाळी जयाबाईंचा फोन. "आता कुठं बी गेलो तर म्हणत्यात, आल्या बगा डाक्टरीणबाई. राणी म्हायेराला गेलीया. तिचा नवरा म्हणतोय, माज्या आप्पाच्या नावावर पोटुशी ऱ्हायलीस, गावाला त्वांड कसं दाखवू? मॅडम, तुमी आलाच नसतासा तर बरं झालं असतं."

हे २१४ चं गावाला कुणी सांगितलं, मी की सिद्राम? मी. अंगणात, सगळ्यांसमोर, क्रमांक वाचून. नाव घेतलं नव्हतं.

सोमवार, ८ डिसेंबर

निबंध मागे घेण्याच्या पत्रावर माझी सही झाली. सर: "माझी सत्कारानंतर."

शनिवार, १३ डिसेंबर

सत्कार. सुवर्णसौधात विधानसभेचं अधिवेशन चालू, सगळे रस्ते अडवलेले. मंत्री दीड तास उशिरा आले आणि वीस मिनिटांत गेले. त्यांनी सरांचं अभिनंदन 'हृदयरोगातील कार्याबद्दल' केलं. सरांनी हात जोडले.

फेटा, शाल, बेळगावच्या कुंदा मिठाईचा पाच किलोचा डबा. निवेदकानं सांगितलं, "सरांनी आपलं आयुष्य पुरुषांना वाहिलं." टाळ्या!

मी मागे गौरवांकाच्या गठ्ठ्याजवळ उभी. माझा लेख पान ९ ते १६. शेवटच्या परिच्छेदात मी लिहिलं होतं की उचगावचा निष्कर्ष चुकीचा होता आणि चूक आमच्या केंद्राची होती. तो परिच्छेद नाही. त्या जागी दिनदर्शिकेची जाहिरात आहे. लेख मात्र 'आणि म्हणूनच' या शब्दांवर संपतो, ते कापायचं राहिलं.

सर बोलायला उठले. चांगलं बोलतात. स्कूटर, देसूर, पहिलं ऑपरेशन, कंदिलाचा उजेड. मग म्हणाले, "संशोधनात गमती होतात. एका गावात आम्ही पुरुषांचं रक्त तपासलं, तर त्यातला एक गरोदर निघाला!" सभागृह पाच मिनिटं हसत होतं. पुढच्या रांगेतले डॉक्टर गुडघ्यांवर थापा मारत होते. "आमच्या भगिनी फार प्रेमळ. नवऱ्याच्या वाटचं रक्तसुद्धा त्याच देतात!"

माझ्या शेजारी सिद्राम होता. नवा शर्ट. तो हसला नाही. "मॅडम, त्या माणसाला दोनशे बारा आहे हे सरांना ठाऊक आहे न्हवं?"

आहे. रिपोर्टवर सरांचीच सही आहे.

शेवटी स्टेजमागे गाठलंच त्यांना. फेटा काढून मांडीवर ठेवला होता, कपाळावर त्याचा वळ.

"का सांगितलंत?"

"हसतील असं वाटलं."

"हसले."

"हो ना," सर म्हणाले. "फार हसले." आणि फेट्याचा शेमला बोटाला गुंडाळत बसले. 

सोमवार, १५ डिसेंबर

सरांनी सही केली. मी मागितली नव्हती. सकाळी टेबलावर पत्र होतं, सहीखाली त्यांच्या जुन्या बारीक अक्षरात एक वाक्य जास्तीचं: 'या चुकीची जबाबदारी प्रमुख संशोधकाची आहे.' तीन परिषदा, एक गौरवांक, गेलं सगळं. मला आनंद व्हायला हवा होता. माझ्याही निबंधांच्या यादीतून एक नाव कमी झालं, एवढंच मोजून पाहिलं.

पण हे पत्र मासिकाला जाईल. इंग्रजीत. उचगावात गेलेल्या पत्रात तिसरी ओळ आहे तशीच आहे.

मंगळवार, १६ डिसेंबर

ओपीडीच्या बाकावर मालुबाई, रवळूअण्णा, युवराज. दुसऱ्या इंजेक्शनची तारीख घ्यायला आले होते. मालुबाई उठून उभ्या राहिल्या.

"मॅडम, खरं सांगा. तवा ह्येंनी सवताचं रगत दिलं असतं, तर तवाच कळलं असतं न्हवं?"

युवराज माझ्याकडे बघत होता. रवळूअण्णा जमिनीकडे.

"तुमच्या रक्तानं काही झालेलं नाही," मी म्हणाले. "तुमची बाटली इथे पोचलीच नाही. गाडीत फुटली. आमच्या माणसांनी दुसऱ्याच कुणाचा आकडा तुमच्या क्रमांकावर चढवला. तुम्ही गेला असता किंवा हे गेले असते, पत्र तेच आलं असतं."

"नोंद आहे तशी?" युवराज.

"आहे."

मालुबाई खाली बसल्या. रवळूअण्णांनी पहिल्यांदा मान वर केली.

वर आले. शिबिराची नोंदवही काढली, क्रमांक १०८ समोर लिहिलं: 'नमुना वाटेत फुटला.' तारीख शिबिराच्या बुधवारची घातली, १६ मार्च २०२२, खाली सही केली. माझी. त्या तारखेला मी इथे नोकरीलाही नव्हते. वाळेपर्यंत वही उघडी ठेवली.